ऑकवर्डला मराठीत नक्की काय म्हणायचं? भिंतीवर लावायचंय, लवकर सांगा

चाकण_शिफ्ट
सोमवार, रात्री ११:२०

मंडळी, गोष्ट छोटी आहे पण दोन दिवस डोकं खातीये. मी चाकणला एका कंपनीत आहे, गाड्यांचे पार्ट बनतात, नाव नको. सेफ्टीवाल्यांनी वरून आलेलं एक इंग्रजी पत्रक माझ्या गळ्यात मारलं, का तर म्हणे तुझं मराठी चांगलंय, म्हणजे मी ग्रुपवर दिवाळीच्या शुभेच्छा फॉरवर्ड न करता स्वतः टाइप करतो एवढंच. शुक्रवारपर्यंत त्याचं मराठी करून शॉपफ्लोअरवर लावायचंय. हेल्मेट, गॉगल, हातमोजे सगळं झालं. अडकलोय एका शब्दावर. एक ओळ आहे 'अव्हॉइड ऑकवर्ड पोश्चर्स' आणि खाली अजून एक, 'ऑकवर्ड लोड' एकट्याने उचलू नका.

फोनमधल्या ट्रान्सलेटरने दिलं 'विचित्र मुद्रा टाळा'. आमच्या लाइन लीडरला दाखवलं, तो म्हणाला विचित्र मुद्रा म्हणजे काय, प्रेसवर कोण भरतनाट्यम करतंय का. मग डिक्शनरी उघडली तर तिथे बेढब, अवघड, गैरसोयीचा, ओशाळवाणा असे चार-पाच, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. आणि गंमत म्हणजे हा शब्द मी दिवसातून दहा वेळा वापरतो. परवाच लिफ्टमध्ये जुना बॉस भेटला, नवव्या मजल्यापर्यंत दोघंही आकडे बघत उभे, घरी येऊन बायकोला म्हटलं जाम ऑकवर्ड झालं. तिला कळलं, मला कळलं, मराठीत सांग म्हटलं तर बोंब.

तर असा एक शब्द आहे का जो दोन्हीकडे चालेल, लिफ्टमध्ये पण आणि प्रेसवर पण?


नुसती_मिसळ
सोमवार, रात्री ११:३४

अवघड लिही आणि झोप. ऑकवर्ड आणि अवघड एकच शब्द आहे, इंग्रजांनी इथूनच उचलला, आमच्या फॅमिली ग्रुपवर आलं होतं. नीट ऐक, ऑकवड, अवघड. केस क्लोज्ड.


शब्दकिडा
मंगळवार, सकाळी ७:०५

मिसळ भाऊ, फॅमिली ग्रुपवर आलं म्हणजे खरंच असणार, पण नाही 🙂 कानाला सारखे लागतात एवढंच. ऑकवर्डचे दोन तुकडे करा. मागचा 'वर्ड' हा शब्द या अर्थाचा नाही, तो फॉरवर्ड, बॅकवर्ड, होमवर्डमधला आहे, म्हणजे अमक्या दिशेला. पुढचा 'ऑक' हा जुन्या इंग्रजीतला आता मेलेला शब्द, तो नॉर्स लोकांच्या भाषेतून आला, अर्थ उलटा, चुकीच्या बाजूने फिरवलेला. म्हणजे मुळात ऑकवर्ड हे विशेषण पण नव्हतं, क्रियाविशेषण होतं, 'उलटीकडे'. मग त्यावरून ज्याचे हातपाय उलटेसुलटे चालतात तो, म्हणजे धांदरट, वेंधळा, हा अर्थ सोळाव्या शतकात आला, आणि तुमचा लिफ्टमधला अर्थ, चारचौघांत मन आखडतं तो, बराच नंतरचा. अवघडचा या सगळ्याशी काही संबंध नाही.

मूळ अर्थाला आपल्याकडे अगदी चपखल शब्द आहे, उफराटा. आणि बघा, उफराट्या डोक्याचा माणूस म्हणजे सरळ सांगितलं की उलटं करणारा, ब्रिटिश लोक त्यालाच ऑकवर्ड कस्टमर म्हणतात. इथे कस्टमर म्हणजे गिऱ्हाईक नाही, ज्याच्याशी वागणं कठीण असा माणूस. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तोच रस्ता धरला, हे मला त्या ग्रुपवरच्या फॉरवर्डपेक्षा जास्त भारी वाटतं.

आता चार शब्द का दिलेत म्हणून डिक्शनरीवर चिडू नका. मोल्सवर्थने सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश मेजर कँडीने पुरा केला, १८४७ साली छापला, तेव्हापासून हेच चालू आहे, एका इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्दांची रांग. हे कँडीसाहेब म्हणजे विश्रामबागवाड्यातल्या पाठशाळेवर देखरेख करायचे ते, मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम रुळवण्याचं श्रेय पण त्यांनाच देतात (चाकण_शिफ्ट, तुमच्या पोस्टमधल्या वाक्यांकडे बघता कँडीसाहेबांचं काम अजून अपुरं आहे). कोश रांग लावून देतो, त्यातला कुठला उचलायचा ते आपण बघायचं.


कानकोंडी
मंगळवार, सकाळी १०:४८

लिफ्टवाल्यासाठी माझं नाव बघा की! कानकोंडं होणं. आजी म्हणायची, त्या घरात गेलं की कानकोंडं होतं बाई. कुणी काही बोललेलं नसतं, अपमान झालेला नसतो, पण कुठे बघावं, हात कुठे ठेवावेत कळत नाही. ओशाळणं वेगळं, त्यात आपली काहीतरी चूक असते. खजील होणं त्याच्याही पुढचं, चूक पकडली गेलेली असते. इंग्रजीत पण एम्बॅरस्ड आणि ऑकवर्ड यात साधारण हाच फरक आहे, पण आपण सगळ्यालाच ऑकवर्ड म्हणून मोकळे होतो.

आता माझा किस्सा, कारण हा शब्द मला महागात पडलाय. मी हिंजवडीला सपोर्टमध्ये होते, क्लायंट इंग्लंडचा. त्यांच्याकडे एक नवीन मुलगा आलेला, शंका विचारायला लाजायचा, प्रत्येक मेलच्या सुरुवातीला सॉरी. मी आपलं मराठीत विचार करून, 'अरे ऑकवर्ड नको वाटून घेऊस, बिनधास्त विचार', असं मनात ठेवून इंग्रजीत लिहिलं 'प्लीज डोन्ट बी ऑकवर्ड'. दोन तास उत्तर नाही. मग त्याच्या मॅनेजरचा मेल, काही प्रॉब्लेम झालाय का, आमचा माणूस सहकार्य करत नाही असं तुम्हाला वाटतंय का. मला कळेचना. नंतर आमच्या लीडने सांगितलं की ब्रिटिश माणसाला असं म्हणणं म्हणजे 'उगाच आडमुठेपणा करू नकोस' असं झापणं. फील लिहायचं होतं, बी लिहिलं, तीन अक्षरं पण नाहीत आणि मी त्या पोराला आडमुठा ठरवून बसले. त्यानंतरचा कॉल कसा झाला असेल ते कुठल्या शब्दात सांगू ते तुम्हीच सांगा.

आपल्या डोक्यात 'मला ऑकवर्ड झालं' असतं ना, मला थंडी वाजली, मला बरं वाटलं तसं, म्हणजे ऑकवर्ड बाहेरून येतं आणि आपल्याला होतं. ते उचलून 'आय ॲम ऑकवर्ड' केलं की समोरचा समजतो आपण जन्मजात तसेच आहोत. इंटरव्ह्यूला जाणाऱ्या पोरांनी हे वाक्य तर अजिबात टाकू नये.


पेठेतला_पाहुणा
मंगळवार, दुपारी ४:१०

झोप झाली, आता लिहितो.

सगळे अवघडवरून मिसळरावांना हाणताय, पण त्यांचं उत्तर चूक असलं तरी शब्द बरोबर आहे हो. अवघड म्हणजे फक्त डिफिकल्ट असं शाळेत शिकवल्यामुळे आपण विसरलो. 'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर', यातलं अवघड म्हणजे काय कठीण गणित आहे का? जागा अवघड, दाखवायला अवघड, आणि दाखवायचं कुणाला तर जावयाला. ऑकवर्ड या शब्दाचं याहून चांगलं भाषांतर मला कुणी दाखवावं, मी माझी दुपारची झोप सोडेन.

आणि क्रियापद बघा, अवघडणं. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा सासुरवाडीला सत्यनारायणाला गेलो होतो, गुरुजी बडबड न करता पोथी सावकाश वाचणारे, तिसऱ्या अध्यायापर्यंत माझा डावा पाय मांडीखाली पार अवघडला, मुंग्या वगैरे सगळं. हलवावा तर शेजारी होणारे सासरे, त्यांच्या सोवळ्याला गुडघा लागायचा. तर पायही अवघडलेला आणि मीही अवघडलेला. एकच क्रियापद, पायाला पण आणि मनाला पण. तुम्ही विचारलंत ना लिफ्टमध्ये आणि प्रेसवर दोन्हीकडे चालणारा शब्द, तो हाच. इंग्रजीला ऑकवर्ड सायलेन्स आणि ऑकवर्ड पोश्चर दोन्हीला एक विशेषण लागतं, आपण विशेषणाच्या नादी लागतो म्हणून अडकतो. मराठीत ही गोष्ट क्रियापदाने सांगायची. अंग अवघडतं, माणूस अवघडतो.

लोडसाठी अडनिडा घ्या. अडनिड्या आकाराची खोकी. तेरा-चौदा वर्षांच्या पोराचं वय असतं ना, हाफ चड्डी शोभत नाही आणि मोठ्यांत बसवत नाही, ते अडनिडं वय, इंग्रजीत त्यालाही ऑकवर्ड एजच म्हणतात. कुणी रात्री साडेदहाला फोन केला तर अडनिडी वेळ. दुपारी दोनला केला तर ती अडनिडी नाही, तो गुन्हा आहे.


नुसती_मिसळ
मंगळवार, दुपारी ४:१५

म्हणजे मी जिंकलो.


शब्दकिडा
मंगळवार, दुपारी ४:३१

नाही.


सेफ्टीवाला_भोसरी
मंगळवार, रात्री ९:५०

भाषेतलं मला कळत नाही पण वीस वर्षं हेच काम करतोय म्हणून सांगतो. ऑकवर्ड पोश्चर ही एर्गोनॉमिक्समधली, म्हणजे काम माणसाच्या अंगाला सोसेल असं आखायच्या शास्त्रातली, ठरलेली संज्ञा आहे, त्यात विचित्र दिसण्याचा काही संबंध नाही. सांधा त्याच्या सरळ, आरामाच्या स्थितीपासून लांब गेला की ते पोश्चर ऑकवर्ड. कंबरेतून वाकून पीळ देणं, हात खांद्याच्या वर धरून काम करणं, मनगट दुमडून स्क्रू पिळणं, मान वर करून गाडीच्या खालून वेल्डिंग. दिसायला यातलं काहीच विचित्र नाही, रोजचंच आहे, तिथेच गोम आहे. एकदा केलं तर काही होत नाही, शिफ्टभर केलं, जोर लावून केलं, की कंबर जाते.

ऑकवर्ड लोड म्हणजे जड असंही नाही. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेचं वजन उचलण्याचं एक सूत्र आहे, १९९१ मध्ये सुधारलेलं, त्यात सगळं आदर्श असेल तर मर्यादा २३ किलो धरतात. आदर्श म्हणजे वस्तू अंगाजवळ, कंबरेच्या आसपासच्या उंचीवर, पकड चांगली, पीळ नाही. मग वस्तू अंगापासून लांब गेली, खाली जमिनीवर असली, वळून ठेवायची असली, धरायला कान नसले, की त्या २३ मधून प्रत्येक गोष्टीसाठी कपात. म्हणजे दहा किलोचा लांबडा पाइप पंधरा किलोच्या चौकोनी खोक्यापेक्षा वाईट असू शकतो. आमच्याकडे पोरं म्हणतात 'साहेब वजन नाही हो, पण धरवत नाही'. हे धरवत नाही म्हणजेच ऑकवर्ड लोड, तुमचा शब्द तिथेच आहे.

आणि एक विनंती, पोश्चरला मुद्रा, आसन, अंगविन्यास असलं काही लिहू नका. आसन लिहिलं तर पोरं खुर्ची शोधतील.


चाकण_शिफ्ट
बुधवार, दुपारी १:४०

सगळ्यांना दंडवत. पाहुणेकाकांचं आणि सेफ्टीवाल्यांचं एकत्र करून लिहिलं, 'अवघडलेल्या स्थितीत काम करू नका'. प्रिंट काढून सकाळी असेंब्लीच्या भिंतीवर ट्रायल म्हणून चिकटवलं. मला स्वतःला जाम आवडलं होतं, कुठून उचललंय असं वाटतच नव्हतं.

अकराच्या चहाला बघतो तर कागदासमोर पाच-सहा बायका, हसतायत. आमच्याकडे हार्नेसच्या लाइनवर सगळ्या बायकाच आहेत. एक बीडच्या मावशी आहेत, त्या म्हणाल्या, साहेब, ही रजा पगारी का बिनपगारी? मी म्हटलं कसली रजा. तर म्हणे, तुम्हीच लिहिलंय की, अवघडलेल्या बाईनं काम करू नये म्हणून, चांगलंय, पण आमच्यात आत्ता कोण अवघडलेलंच नाही.

मी तिथल्या तिथे लाल. म्हणजे लिहितानाच मला कळायला हवं होतं, आमच्या आईच्या तोंडात शंभरदा ऐकलंय, सून अवघडलीये, आता सातवा चालू आहे. पत्रक काढून खिशात. तर ऑकवर्डचं भाषांतर करताना मला जे झालं त्याला काय म्हणायचं याचं उत्तर मिळालं, पण भिंत अजून रिकामी आहे.


कानकोंडी
बुधवार, दुपारी २:०२

😂😂 मेले मी. मावशींना नमस्कार सांगा माझा.

पण ऐका, मी स्पॅनिश शिकत होते तेव्हा पहिल्या महिन्यात मॅडमनी एक शब्द फळ्यावर लिहून लाल खडूने खाली रेघ मारली होती, एम्बाराझादा. ऐकायला डिट्टो इंग्रजीतला एम्बॅरस्ड, म्हणून नवीन लोक माद्रिदला जाऊन बिनधास्त म्हणतात मी एम्बाराझादा आहे, आणि त्याचा अर्थ होतो मी गरोदर आहे. सगळा वर्ग हसला, हे लोक कसे लाजण्याला आणि गरोदरपणाला सारखाच शब्द ठेवतात म्हणून. आणि आत्ता तुमची पोस्ट वाचून ट्यूब पेटली की आपणही तेच करतो! चारचौघांत अवघडलेली आणि सातव्यात अवघडलेली. अडकलेपण, हालचालीला अडथळा, तिथूनच दोन्हीकडे गेलं असणार. इतकी वर्षं त्या स्पॅनिश लोकांना हसले मी.


शब्दकिडा
बुधवार, दुपारी २:४०

बरोबर पकडलंत. इंग्रजी एम्बॅरस फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ अडवणं, वाटेत अडथळा आणणं असाच, लाज वगैरे नंतर चिकटली. स्पॅनिश त्याच घराण्यातला.

चाकण_शिफ्ट, 'लेल्या' काढा, तिथेच घात झाला. 'अवघडलेला' म्हटलं की ते माणसाला चिकटतं. अवघडण्याची क्रिया राहू द्या, 'अंग अवघडेल असं'. अंग हा शब्द आला की सातवा महिना आपोआप बाहेर जातो.


पेठेतला_पाहुणा
बुधवार, दुपारी ४:२०

बीडच्या मावशींचं मराठी आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे. त्यांना विचारा आधी, मग छापा. आणि माझ्या शब्दाने घोळ झाला त्याबद्दल दिलगीर आहे, म्हणजे ओशाळलो, कानकोंडा नाही, चूक माझी होती.


चाकण_शिफ्ट
गुरुवार, रात्री १०:१५

विचारलं. मावशींना प्रेसपाशी नेलं आणि म्हटलं तो पोरगा बघा कसा वाकलाय, बिनमधून पार्ट काढताना. बिन कंबरेइतकी खोल, तो एक पाय हवेत, एका हाताने काठ धरून, दुसरा हात तळाला, मान वळवून मशीनकडे लक्ष. म्हटलं त्याला काय सांगाल. मावशी क्षणभर पण थांबल्या नाहीत. म्हणाल्या, 'आरं, असं वाकडंतिकडं होऊन काढू नको, कंबर धरंल.'

कंबर धरेल! मी आठवडाभर पोश्चर, स्थिती, मुद्रा करत बसलो होतो.

तर फायनल हे. 'वाकडंतिकडं होऊन काम करू नका. अंग अवघडतं, कंबर धरते.' आणि दुसरी ओळ, 'अडनिडा माल एकट्याने उचलू नका. वजन कमी असलं तरी धरवत नसेल तर दुसऱ्याला हाक मारा.' सेफ्टी मॅनेजर म्हणाले ही भाषा जरा ऑफिशियल वाटत नाही, मी म्हटलं सर उद्या एक दिवस लावू, कुणी हसलं तर काढतो. त्यांनी सही केली. बिनला खालून पार्ट वर आणणारं स्प्रिंगचं तळ बसवता येईल का तेही बघतो म्हणाले, ते झालं तर कागदाची पण गरज नाही.


सेफ्टीवाला_भोसरी
गुरुवार, रात्री १०:४०

स्प्रिंगचं तळ आधी करा. कागद काय, महिन्यात त्यावर कुणीतरी जेवणाचा डबा ठेवतो.


नुसती_मिसळ
शुक्रवार, दुपारी १२:०५

लागला का कागद? कोण हसलं?


चाकण_शिफ्ट
शुक्रवार, दुपारी १२:५०

लागला. बायका नाही हसल्या. स्टोअरमधला एकजण तेवढा येऊन विचारून गेला, अडनिडा माल कोणाला म्हटलंय, सकाळपासून सगळे मलाच हाक मारतायत.